कासवे खरेच परतली का?

ठाण्यातल्या किंवा डोंबिवलीतल्या शाळेत पर्यावरणावर बोलायला गेलो, की एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते. निबंधात असते, भित्तिपत्रकावर असते, भाषणस्पर्धेत तर असतेच. ‘वर्सोव्याचा किनारा लोकांनी साफ केला आणि वीस वर्षांनी कासवे परत आली.’

यातले बरेचसे खरे आहे. अफरोज शाह यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये तेथे सफाई सुरू केली, हजारो लोक तीत सामील झाले. मार्च २०१८ मध्ये त्याच किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची ऐंशीएक पिल्ले वाळूतून बाहेर पडून समुद्रात गेली. माझा आक्षेप आहे तो मधल्या ‘आणि’ला.

प्रत्यक्षात आपल्याला किती ठाऊक होते ते पाहू. घरटे एक. या कासवाची अंडी उबायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात, म्हणजे मादी जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या आरंभी येऊन गेली असली पाहिजे. पिल्ले निघाली तेव्हाच घरट्याचा गाजावाजा झाला. मग २०१० किंवा २००५ साली कोणी मादी आलीच नव्हती, हे कशावरून? रोज पहाटे ती वाळू तपासत कोणी फिरत नव्हते. ‘दिसली नाहीत’ आणि ‘नव्हती’ यांत फरक आहे, आणि विज्ञानाच्या तासाला शिकवायचे ते नेमके हेच नाही का?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला असे म्हणता येते. तेथे २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांच्या मदतीने काम उभे केले. हंगामात पहाटे फेरी, मादीच्या पावलांचा माग, अंड्यांची मोजदाद, तारखेनिशी नोंद. अशी वही असली की वाढ-घट बोलता येते. जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पायाला २०२१ साली ओडिशात लावलेला बिल्ला होता. पूर्व किनाऱ्यावरची मादी कोकणात अंडी घालते, हे कळले ते बिल्ला वाचायला माणूस हजर होता म्हणून.

सफाईमुळे काहीच झाले नाही, असे मी म्हणत नाही. प्लास्टिकच्या ढिगातून पिल्लाला वाट काढता येत नाही, हे उघड आहे. पण किनारा साफ असणे आणि तो कासवाच्या उपयोगाचा असणे, या दोन गोष्टी आहेत. साष्टी बेटाचेच पाहा. ठाणे शहर या बेटाच्या पूर्व अंगाला आहे. तिथे खाडीचा चिखल आणि तिवरे, अंडी घालायला जागाच नाही. पश्चिमेला वर्सोवा, गोराई, आपल्या जिल्ह्यातले उत्तन, इथे वाळू आहे आणि वाळूच्या मागे वस्ती. मादीला भरतीच्या रेषेच्या वरची कोरडी वाळू लागते. धूपप्रतिबंधक बंधारा नेमका तिथेच बांधला, की किनारा कितीही झाडला तरी तिच्या दृष्टीने तो संपला. पिल्लांची अडचण उजेडाची. ती बहुधा रात्री बाहेर येतात आणि क्षितिजालगतच्या उजळ बाजूकडे धावतात. काळोख्या किनाऱ्यावर ती बाजू समुद्राची असते. रस्त्यावरच्या दिव्यांनी हा हिशेब उलटतो.

आता थोडे गणित. हजार पिल्लांतले एक प्रौढ होते, असे ढोबळ प्रमाण सांगतात. त्या मापाने ऐंशी पिल्लांमागे हाती पूर्ण एक कासवही येत नाही! अमेरिकेत क्राउस, क्राउडर आणि कॅसवेल यांनी १९८७ साली लॉगरहेड कासवांवर असाच हिशेब मांडला. अंडी व पिल्ले शंभर टक्के वाचवली तरी घसरण थांबत नव्हती, मोठी कासवे वाचली तर मात्र चित्र पालटत होते. मोठी कासवे मरत होती ती कोळंबीच्या जाळ्यांत. डहाणूच्या उपचार केंद्रात पावसाळ्यात येणारी जखमी कासवे पाहा, जाळ्यात अडकून कित्येकांचे वल्ह्यासारखे पाय तुटलेले असतात. ही बाजू भित्तिपत्रकावर कधी येत नाही. पिल्लांचा फोटो छान येतो, हेही कारण असेल.

कल्याणच्या एका शिक्षिका मला म्हणाल्या, “सर, मुलांच्या उत्साहावर कशाला पाणी ओतता?” प्रश्न रास्त होता. पण सातवीच्या मुलांना मी ‘आधीच्या वर्षांत कोण मोजत होते?’ एवढेच विचारले, तेव्हा निम्म्या वर्गाचे हात वर आले. उत्साह कुठे कमी झालेला दिसला नाही.

सहल उत्तनला किंवा गोराईला नेणार असाल, तर अंधार पडेपर्यंत थांबा. मुलांना वाळूवर पालथे झोपवा, गाल वाळूला टेकवून. पिल्लाचे डोळे इतक्याच उंचीवर असतात. मग विचारा, उजेड कोणत्या बाजूला आहे? मी वर्सोव्याला हे करून पाहिले आहे. समुद्र काळा होता, उजळ होती ती पाठीमागच्या इमारतींची रांग.