आज्ञापत्रांतील वृक्ष आणि सनदांतील ‘जल, तरु, तृण’ : एक पाठविचार

अरण्यें, पाणी, खडक आणि भूमीच्या पोटांतील धातु हीं कोणाचीं, रयतेचीं कीं सरकारचीं, हा वाद न्यायालयांत व विधिमंडळांत वारंवार निघतो. वाद निघाला कीं उभय पक्ष जुन्या कागदांकडे धांव घेतात. एक पक्ष म्हणतो कीं, पूर्वीं सर्व कांहीं राजाचें होतें, तेंच पुढें सरकारचें झालें. दुसरा म्हणतो कीं, शिवशाहींत रयतेच्या झाडाच्या पानासहि राजा हात लावीत नसे. पहिल्याचा आधार बहुधा इनामाच्या सनदांतील ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप’ ही पदावली. दुसऱ्याचा आधार आज्ञापत्रांतील आरमाराच्या लाकडाचें प्रकरण. या वादाचा निकाल देण्याचा आमचा अधिकार नाहीं. परंतु हे दोन्ही आधार ज्या रीतीनें पुढें केले जातात ती रीति सदोष आहे, आणि तो दोष वादी-प्रतिवादींचा जितका, तितकाच कागद जमविणारांचा व छापणारांचा आहे, असें आमचें मत झाल्यावरून हा लेख लिहीत आहों.

प्रथम आज्ञापत्र घेऊं. हें प्रकरण ‘शिवछत्रपतींची आज्ञा’ या मथळ्याखालीं अनेकदां छापलें जातें. तें तसें नाहीं. आज्ञापत्र हें कोल्हापूरकर संभाजीराजांच्या नांवें निघालेलें असून त्याचे कर्ते रामचंद्रपंत अमात्य बावडेकर होत, काळ इ. स. १७१५ चा सुमार, म्हणजे शिवछत्रपतींच्या निधनानंतर पस्तीस वर्षांनीं. रामचंद्रपंत शिवकालीं अष्टप्रधानांत होते, तेव्हां त्यांनीं सांगितलेली नीति शिवकालाच्या वळणाची आहे असें म्हणण्यास हरकत नाहीं. चिपळूणच्या छावणीसंबंधानें हलवर्ण येथील जुमलेदारांस गेलेलें १६७३-७४ च्या सुमाराचें शिवछत्रपतींचें पत्र प्रसिद्धच आहे. त्यांत लष्करानें कुणब्यांचें धान्य, गवत, लांकूडफाटा न घेतां बाजारांतून विकत घ्यावा असा सक्त हुकूम आहे. परंतु नीतीचें मूळ शिवकालीन असणें निराळें आणि लेख शिवछत्रपतींचा असणें निराळें. या भेदाकडे दुर्लक्ष केल्यानें लेखाचा राजकीय प्रसंगच नाहींसा होतो.

तो प्रसंग असा. सातारा व कोल्हापूर अशा दोन गाद्या झालेल्या होत्या. कान्होजी आंग्रे बाळाजी विश्वनाथाच्या मध्यस्थीनें शाहूच्या पक्षास जाऊन मिळाले होते. कोंकणांतील बंदरें, खाड्या व त्यांच्या माथ्यावरचीं रानें ज्याच्या हातीं, आरमार त्याच्या हातीं, ही गोष्ट कोल्हापूरच्या दरबारास कोणी शिकविण्याची गरज नव्हती. अशा वेळीं आरमाराच्या लांकडाविषयीं लिहितांना ग्रंथकार आपल्याच दरबाराचे हात बांधून घेतो, हें या प्रकरणाचें खरें महत्त्व आहे. गरज नसलेल्याचा संयम आणि गरजवंताचा संयम यांची किंमत एक नव्हे.

आतां प्रकरण सबंध वाचावें. त्यांत तीन भाग आहेत. पहिला : राज्यांतील अरण्यांत सागवानादि वृक्ष आहेत, त्यांतील सोईचे पडतील ते हुजूर लिहून, हुजूरच्या परवानगीनें तोडावे. दुसरा : याहून अधिक लागेल तें लांकूड परमुलखांतून खरेदी करावें. तिसरा : आंबे, फणस वगैरे झाडेंहि आरमाराच्या उपयोगाचीं, तरी त्यांस हात लावूं नये, कारण तीं रयतेनें लावून लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं असतात. एखादें झाड जीर्ण होऊन निरुपयोगी झालें असेल तरच, त्याच्या मालकास राजी करून, द्रव्य देऊन, त्याच्या संतोषानें तोडावें. बळजबरी करूं नये.

उद्धृत करणारे बहुधा तिसऱ्या भागाचा पूर्वार्ध तेवढा घेतात. त्यानें हें प्रकरण वृक्षसंगोपनावरचें प्रवचन बनतें. वस्तुतः तें मालकीवरचें प्रकरण आहे. अरण्यांतील सागावर हुजूरची सत्ता स्पष्ट सांगितली आहे. म्हणून ‘शिवशाहींत रान रयतेचें होतें’ असें म्हणणारांस येथें आधार नाहीं. उलट परड्यांतील व शेतांतील आंबा-फणसावर हुजूरची सत्ता मुळींच नाहीं, तेथें खरेदीचा व राजीखुशीचाच मार्ग. म्हणून ‘सर्व कांहीं राजाचें’ म्हणणारांसहि आधार नाहीं. भेद झाडाच्या जातीवर थांबत नाहीं. झाड कोणी लावलें व राखलें हें पाहिलें आहे. ज्याचा श्रम त्याची मालकी, ही त्या भेदाची कसोटी.

एका शब्दाकडे वाचकांचें लक्ष वेधतों. प्रजेस पीडा दिल्याचा दोष ज्याच्या पदरीं पडतो त्या राजास प्रचलित छापील पाठांत ‘धनी’ म्हटलें आहे. आणि अवघ्या कांहीं ओळींच्या अंतरानें जीर्ण झाडाच्या मालकासहि ‘धनी’च म्हटलें आहे. राज्याचा धनी छत्रपति, झाडाचा धनी कुणबी. शब्द एकच, पायरी निराळी. सारांश देतांना ‘रयतेच्या भावना दुखवूं नयेत’ असें लिहिलें कीं हा दुसरा धनी नाहींसा होतो, आणि हक्काच्या जागीं केवळ दया उरते. हा पाठाचा लहानसा प्रमाद नव्हे. हाच ग्रंथकार वृत्ति व इनामें यांविषयीं लिहितांना, सेवकांस भूमि देत सुटलें तर राज्य क्षीण होतें असा इशारा देतो. राज्याची भूमि सांभाळण्याविषयीं इतका दक्ष असलेला मुत्सद्दी जेव्हां रयतेचें झाड रयतेचें म्हणतो, तेव्हां तें उदारपणाचें बोलणें नसून हिशेबाचें बोलणें आहे.

अर्थात् आज्ञापत्र हा नीतिग्रंथ आहे, रोजकीर्दीचा कागद नव्हे. अमुक असावें असें त्यांत आहे म्हणून तसें होत होतेंच असें अनुमान करतां येणार नाहीं. व्यवहार पाहावयाचा तर सनदांकडे वळलें पाहिजे.

वंशपरंपरा इनामगांवाच्या सनदेंत ‘दरोबस्त, कुलबाब कुलकानू, हल्लीपट्टी व पेस्तरपट्टी, जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप सहित, खेरीज हक्कदार व इनामदार करून’ अशा आशयाची पदावली येते. ही पदावली मराठ्यांनीं नव्यानें घडविली नाहीं. वाकाटकांच्या ताम्रपटांत दिलेला गांव निधि-उपनिधींसह दिला आहे, शिवाय मीठ व खाणकाम यांसंबंधींच्या राजहक्कांतून तो मोकळा केला आहे. वऱ्हाडांतील चम्मक येथील दुसऱ्या प्रवरसेनाचा ताम्रपट याचें प्रसिद्ध उदाहरण होय. दक्षिणेंत विजयनगरच्या दानपत्रांत निधि, निक्षेप, जल, पाषाण, अक्षीणी, आगामी, सिद्ध, साध्य असे अष्टभोग मोजले आहेत. ज्या गोष्टी नांव घेऊन सोडाव्या लागतात त्या एरवीं राजाच्या मानल्या जात, इतकें या पदांवरून निश्चित होतें.

परंतु सनदेचा शेवट विसरूं नये. ‘खेरीज हक्कदार व इनामदार करून’ या शब्दांनीं देणारा आपल्याच दानास मर्यादा घालतो. गांवांत पूर्वींपासून ज्याचें जें आहे तें वगळून उरलेलें, म्हणजे सरकारचें जें होतें तेवढेंच, इनामदारास पोंचतें. हा विचार केवळ कारकुनी नाहीं. राजास सर्व पृथ्वी दान करतां येत नाहीं, कारण ती सर्वांची आहे, हा निर्णय मीमांसाशास्त्रांत जुना आहे. आणि सतराव्या शतकांत नीलकंठभट्टांनीं व्यवहारमयूखांत तोच धरून, जिंकलेल्या राजाचीं घरें, शेतें यांपुरतें जेत्याचें स्वामित्व, बाकीच्या भूमीवर स्वामित्व ज्याचें त्याचें, राजास फक्त करग्रहणाचा अधिकार, असें सांगितलें आहे. मनुस्मृतींत खाणींतील धातु व भूमिगत ठेवा यांत राजाचा अर्धा वांटा सांगितला आहे हेंहि खरें. पण अर्धा वांटा म्हणजे सर्वस्व नव्हे.

यावर एक आक्षेप येईल : ही पदावली केवळ मायना होय, कारकुनाच्या लेखणीची संवय, तींतून हक्काचे सिद्धान्त काढणें म्हणजे पत्राच्या ‘विनंति विशेष’वरून लिहिणाराची नम्रता ठरविण्यासारखें आहे. हा आक्षेप हलका नाहीं. सुटी एक सनद पाहिली तर त्यास उत्तर देणें कठीण. उत्तर आहे तें तुलनेंत. सरंजाम ही वसुलाची नेमणूक, वंशपरंपरा इनाम ही निराळी वस्तु; कोणत्या जातीच्या कागदांत ही पदें येतात, कोणत्यांत गळतात, कोंकणांत कोणतें पद अधिक येतें आणि देशावर कोणतें, हें शेंकडों कागद एकत्र ठेवून पाहिलें तरच मायना कोणता आणि हक्क कोणता हें कळेल. आणि नेमकें हेंच करण्याची सोय आम्हीं ठेविली नाहीं. पुष्कळ छापील संग्रहांत ही पदावली ‘वगैरे’ या एका शब्दांत गुंडाळली जाते, किंवा ‘नेहमींचा मजकूर’ म्हणून टिंबें देऊन पुढें जातात. वाड यांनीं पेशव्यांच्या रोजनिश्यांतून काढलेले उतारे हें फार मोठें उपकारक काम होय. पण निवड म्हटली कीं काट आलीच. राजकारणाचा, लढाईचा मजकूर तेवढा इतिहास आणि गवत, दगड, पाणी हा फापटपसारा, ही समजूत त्या काळीं क्षम्य असेल, आतां नाहीं.

कारण या पदांवर मोठमोठे हक्क उभे राहिले व पडले आहेत. १८५२ च्या ११ व्या कायद्यान्वयें इनामांची चौकशी झाली तेव्हां कागदाच्या शब्दावर घराण्यांचें नशीब ठरलें. १८७९ च्या मुंबई महसूल कायद्यानें दुमाला नसलेल्या जमिनींतील खाणी व खनिजें यांवरील सरकारचा हक्क राखून ठेविला. म्हणजे दुमाला जमिनींत काय, हा प्रश्न पुन्हां सनदेच्या शब्दांकडेच गेला. त्याच कायद्यांत झाडांविषयीं जें कलम आहे तें आज्ञापत्राशेजारीं ठेवून वाचण्यासारखें आहे. ज्या गांवांची मूळ पाहणी-जमाबंदी पूर्वीं पुरी झाली, तेथील दुमाला नसलेल्या जमिनींतील झाडांवरील सरकारचा हक्क, राखलेलीं झाडें वगळून, कबजेदारास सोडून दिला असें समजावें, असा त्याचा आशय. वरवर पाहतां दोन्हीकडे झाड रयतेसच मिळालें. पण आज्ञापत्रांत झाड मुळांतच कुणब्याचें आहे आणि सरकारास तें विकत घ्यावें लागतें; १८७९ च्या कायद्यांत झाड मुळांत सरकारचें आहे आणि कुणब्यास तें सोडून दिलेलें आहे. फळ एक, मूळ उलटें. मालकीच्या कल्पनेंत झालेला एवढा पालट एका क्रियापदांत लपलेला आहे, आणि तो हेरण्यास सबंध पाठांवांचून दुसरें साधन नाहीं.

पुढें इनामें रद्द झालीं. आणि १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमानें, राज्य सरकारनें दिलेल्या देणगीच्या शर्तींत स्पष्टपणें निराळें सांगितलें नसेल तर, कोठेंहि सांपडणाऱ्या सर्व खनिजांवरील हक्क राज्याकडे ठेविला. ‘दुमाला’ व ‘दुमाला नसलेली’ हा भेद गेला. पण देणगीपत्राचे शब्द पाहण्याचें कारण गेलें नाहीं. इतर प्रांतांत तर जुन्या कागदांचें वजन वाढलेंच. मलबारांतील जन्म-जमिनींच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें २०१३ सालीं असें ठरविलें कीं, भूगर्भांतील खनिजांची मालकी सामान्यतः जमिनीच्या मालकीबरोबर जाते, कायदेशीर मार्गानें ती काढून घेतली असेल तर गोष्ट निराळी. गोमंतकांत पोर्तुगीज अमदानींत मिळालेल्या खाणींच्या कायम सवलती १९८७ च्या कायद्यानें रद्द होऊन १९६१ च्या डिसेंबरपासून त्यांचे मुदतीचे पट्टे झाले. २०२४ सालीं नऊ न्यायाधीशांच्या पीठानें बहुमतानें, रॉयल्टी हा कर नव्हे आणि खनिजहक्कांवर कर बसविण्याचा अधिकार राज्यांस आहे, असा निर्णय दिला. मध्यवर्ती सरकार, राज्य व जमीनधारक यांच्यांतील ही ओढाताण सातारा, कोल्हापूर व आंग्रे यांच्या ओढाताणीहून निराळ्या जातीची असली तरी प्रश्न तोच आहे : देणारास मुळांत देतां येण्याजोगें काय होतें ?

या प्रश्नाचें उत्तर आम्हीं संशोधकांनीं द्यावयाचें नाहीं. तें ज्यावरून देतां येईल तो पुरावा शाबूत ठेवावयाचा. म्हणून संग्राहकांस व संपादकांस आमची विनंति तीन गोष्टींपुरती आहे. सनद छापतांना जल-तरु-तृणादि पदें व ‘खेरीज’ची अट अक्षरशः छापावीं, ‘वगैरे’ हा शब्द मूळांत असेल तरच लिहावा. अस्सल व नक्कल दोन्ही हातीं असल्यास ताडून पाहून पदांचा कमीअधिकपणा टीपेंत नोंदवावा. हक्क शाबीत करण्यासाठीं केलेल्या नकलेंत एखादें पद वाढणें अशक्य नाहीं. आणि ज्या सनदेंत हीं पदें नाहींत तीहि तितक्याच काळजीनें प्रसिद्ध करावी, कारण तुलनेस नसलेलें पद असलेल्या पदाइतकेंच बोलतें.

किरकोळ म्हणून बाजूस टाकलेला इनामाचा कागद पुष्कळांच्या दप्तरांत पडून असेल. त्यांत लढाई नाहीं, तह नाहीं, मोठें नांवहि नाहीं. पण एखाद्या ओढ्याचें पाणी आणि एखाद्या माळाचा दगड कोणाचा, हें त्यांत लिहिलेलें असेल. तो कागद सबंध वाचून सबंध छापावा.