मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील ‘आशा’ आणि वर्षारंभ

विश्वास, आशा आणि प्रीती ही त्रयी मराठी बायबलाच्या वाचकास परिचित आहे. पैकी विश्वास आणि प्रीती यांना मराठी भक्तिपरंपरेत सहज आश्रय मिळतो. आशेची स्थिती मात्र निराळी आहे. ‘आशापाश’ हा समास गीतेपासून रूढ आहे आणि तुकारामांच्या मते आशा समूळ उपटल्यावाचून गोसावीपण येत नाही. एका परंपरेत जे बंधन, तेच दुसरीत सद्गुण. या पेचातून मराठी ख्रिस्ती लेखकांनी मार्ग कसा काढला, हा प्रश्न वर्षारंभाच्या संदर्भात विशेष स्पष्ट होतो.

मुखेडसारख्या मराठवाड्यातील तालुक्यात वर्षाचा खरा आरंभ चैत्री पाडव्याला होतो. त्या दिवशी गुढी उभारून पंचांगातील वर्षफल ऐकले जाते. त्याच दिवशी सालगड्याचे साल ठरते. घेतलेली उचल फिटली नसेल, तर त्याच्या लेखी नवे वर्ष म्हणजे जुन्याच कर्जाचे नूतनीकरण होय. वर्षफल हे भाकीत आहे, साल हा करार आहे. आशा या दोहोंहून भिन्न आहे. ख्रिस्ती परंपरेत १ जानेवारी हा नाताळापासून आठवा दिवस. लूकच्या शुभवर्तमानानुसार आठव्या दिवशी बालकाला येशू हे नाव देण्यात आले. ज्याचे कार्य अद्याप घडावयाचे आहे, त्याच्या नावाने येथे वर्ष उघडते. जे हाती आलेले नाही त्याची निष्ठेने वाट पाहणे, हा या आशेचा विशेष होय.

फादर स्टीफन्स यांच्या १६१६ मध्ये प्रथम मुद्रित झालेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द योजिलेला आहे. रूढ शब्दात नवा अर्थ भरण्याची ही रीत पुढे नारायण वामन टिळकांच्या (१८६१–१९१९) अभंगांत परिणत झाली. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने तुकारामांचे ऋण मुक्तपणे मान्य केले आणि ख्रिस्ताला माउली म्हणून आळविले. ‘आशा’ दूषित असली तरी संतांच्या भाषेत भेटीची ‘आस’ पवित्रच आहे. टिळकांनी ख्रिस्ती आशेला या आसेचा स्वर दिला, हे त्यांचे मोठे यश मानावे लागते.

तथापि या यशातच एक उणीव दडलेली आहे. आसेची परिणती तादात्म्यात होते, आणि भक्त व ख्रिस्त एकरूप झाले की वाट पाहण्यासारखे काही उरत नाही. व्यक्तीचे अंतःकरण नवे होते. परंतु पाडव्याला पुन्हा त्याच उचलीने बांधल्या जाणाऱ्या मनुष्याला त्या एकांतिक आनंदातून काय मिळते, याचे उत्तर अभंगाच्या चौकटीत सापडत नाही. टिळकांनाही ही मर्यादा जाणवली असावी. १९१७ मध्ये मिशनच्या चाकोरीबाहेर पडून, बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोहोंसाठी त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापिला. काव्याने जे साधले नाही ते संघटनेने साधण्याचा हा यत्न होता. दोन वर्षांतच झालेल्या त्यांच्या निधनामुळे तो अपुरा राहिला.

या दृष्टीने लक्ष्मीबाई टिळकांची (१८६८–१९३६) ‘स्मृतिचित्रे’ अधिक बोलकी ठरतात. जातिभेद ईश्वरनिर्मित नाही, असा निर्णय त्यांनी आधी केला, तो परक्या हातचे पाणी पिऊन आचरणात आणला. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० मधला. नवा जन्म येथे सिद्धान्त म्हणून येत नाही. तो पाण्याच्या घोटाएवढा साधा आणि तितकाच अवघड आहे. लेखिकेचा विनोदही याच वृत्तीतून येतो. गतकाळाला हसणे ज्याला साधते, तो गतकाळाचा बांधील राहत नाही. पतीने आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ त्याच्या मृत्यूनंतर त्यांनी हाती घेतले आणि औपचारिक शिक्षणाचे पाठबळ नसताना त्यात चौसष्ट अध्यायांची भर घातली. अपुरे राहिलेले काम फळाची हमी नसताना पुढे नेणे, हाच ख्रिस्ती आशेचा मराठी वाङ्मयातील सर्वांत भरीव आविष्कार होय.

यावरून असे दिसते की, ‘आशा’ या शब्दाला मराठीत सद्गुणाचे स्थान मिळाले ते केवळ ‘आस’ या पर्यायामुळे नव्हे. टिळकांनी त्या शब्दाला गोडवा दिला, लक्ष्मीबाईंनी त्याला आचरण दिले. मराठवाड्यातील सालगड्याच्या पाडव्यापर्यंत या आशेला पोहोचावयाचे असेल, तर या दोहोंपैकी दुसऱ्या वाटेचाच अभ्यास अधिक करावा लागेल.