छतावरील भातखाचरे : एक परीक्षण

बँकॉकच्या उत्तरेस रांगसित येथे थम्मासात विद्यापीठाच्या आवारात २०१९ मध्ये सुमारे २२,००० चौरस मीटर छतावर शेती उभी राहिली. भूदृश्यरचनाकार कोचाकॉर्न वोराखोम यांनी हे छत डोंगरउतारावरील भातखाचरांच्या धर्तीवर पायऱ्यापायऱ्यांनी रचले आहे. रांगसितची सखल भूमी मूळची भाताची. ती बांधकामांनी झाकली गेली आणि २०११ च्या महापुरात हे आवारही पाण्याखाली गेले. हे ध्यानी घेता या छताचा खरा गुण त्याच्या हिरवेपणात नसून पाण्याच्या वाटचालीत आहे. पावसाचे पाणी खाचराखाचरांतून वेग मंदावत, मातीत मुरत तळ्यांत उतरते आणि पुढे सिंचनास उपयोगी पडते. येथे सौंदर्य कार्यातूनच उमलले आहे, असे म्हणावे लागते.

तथापि एक मर्यादा नोंदविणे प्राप्त आहे. ओल्या मातीचा भार व जलरोधक थर यांची तजवीज आराखड्यात करता येते; लावणी, निंदणी व कापणी यांची करता येत नाही. शेत दरसाल नव्याने करावे लागते. म्हणून अशा वास्तूचे मूल्यमापन उद्घाटनाच्या छायाचित्रावरून न करता दहाव्या पावसाळ्यात करावे. राबणाऱ्या हातांची मजुरी खर्चात धरलेली नसेल, तर शेत जाऊन नुसते छतच उरेल.