‘माकडताप’ आणि प्राणि-प्रतिमान

१९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर अरण्यात माकडे व माणसे एकाच तापाने मरू लागली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने त्याचा विषाणू हुडकला. कन्नडमधील ‘मंगन कायिले’ मराठीत ‘माकडताप’ झाली. परंतु माकड येथे बळी आहे, रोगवाहक गोचीड (जालन्याच्या गोठ्यांतही हा रोजचाच शब्द). ‘प्रतिमान’ ही संज्ञाही अशीच सैलपणे योजली जाते. कशाचे प्रतिमान, ही षष्ठी गाळता येत नाही. उंदीर या विषाणूने मरतो तो मेंदूच्या दाहाने. माणसास रक्तस्राव होतो. विषाणू ओळखण्यास उंदीर पुरेसा. रक्तस्रावाचे प्रतिमान तो नव्हे. लाल तोंडाच्या माकडातील रोग माणसाच्या रोगास अधिक जवळचा. २०१६ साली दोडामार्गात हा ताप पसरला. तशा रोग्याचे औषध केवळ उंदरावर पारखले, तर रक्तस्रावाविषयी काय कळणार?