सोंग आणि साँग

रॉक संगीतावर मी लिहितोय हे आमच्या भजनी मंडळाला कळलं तर टाळ खाली ठेवून हसतील. तिथेही मला "तुम्ही नुसते बसा" अशी प्रेमळ सूचना झालेली आहे. पण 1989 च्या पावसाळ्यात सुरगाण्याला आमच्या बँकेत पार्ल्याचा एक तरुण कारकून बदलून आला आणि माझ्याच खोलीत राहिला. सामान म्हणजे एक वळकटी, एक गिटार, एक टेपरेकॉर्डर आणि एक कॅसेट.

सुरगाण्याचा पाऊस येत नाही, बिऱ्हाड करतो. कपडे वाळत नाहीत, लाइट टिकत नाही, बोलायचे विषय संपतात. त्यामुळे 'रॉक मशीन' या मुंबईच्या मंडळींची 'रॉक अँड रोल रेनिगेड' ही 1988 सालची कॅसेट मी किमान दीडशे वेळा ऐकली असेन. सेल उतरले की तोच गायक सर्दी झालेल्या कीर्तनकारासारखा वाटायचा.

एका रात्री घरमालक बाबा दारात येऊन उभे राहिले.

"सायेब, हे काय लावलंय?"

"साँग आहे, बाबा."

"कोनाचं सोंग?"

त्यांचा प्रश्न रास्त होता. त्या मुलखात बोहाडा होतो. लाकडी मुखवटे चढवून, संबळाच्या तालावर देव नि राक्षस रात्रभर नाचतात, काही सोंगं तर पिढ्यानपिढ्या एकाच घरात असतात. मी हसलो खरा, पण 'रॉक मशीन'बद्दल यापेक्षा नेमका प्रश्न मी आजवर कुठल्या समीक्षकाकडून ऐकलेला नाही.

1984 साली ही मंडळी जमली. गायला उदय बेनेगल, गिटारवर महेश टिनईकर. त्या काळात आपल्याकडच्या रॉकवाल्यांनी साहेबाची गाजलेली गाणी हुबेहूब वाजवावीत, अशी श्रोत्यांची माफक अपेक्षा असे. हुबेहूब जमलं की टाळ्या. अशा वेळी स्वतःची गाणी रचून त्यांची अख्खी कॅसेट काढायची, आणि 1990 साली वर दुसरीही काढायची, ही छातीच म्हणायची. कॉलेजांच्या महोत्सवांत पोरं त्यांच्यासाठी घसा फोडत होती. माझा सोबती त्यातलाच.

पण गाणी स्वतःची असली तरी मुखवटा अमेरिकेचाच होता. मुंबईच्या घामात ते लांब केस, तो आवेश! चाली झकास, गिटार स्वच्छ, पण बंड नक्की कुणाविरुद्ध, ते दीडशे वेळा ऐकूनही मला उमगलं नाही.

मग 1993 साली त्यांनी नाव बदलून 'इंडस क्रीड' केलं आणि 1995 साली त्याच नावाचा अल्बम काढला. तो मी नाशिकला ऐकला. इथे आवेश ओसरलाय, गाणं श्वास घेतंय, आणि गाणारा माणूस कुठला आहे ते कळतंय. माझ्या मते त्यांचं अस्सल काम हेच. गंमत पाहा, तोवर केबलने घराघरांत हिंदी पॉप आणून ठेवलं होतं. त्याच वर्षी अलिशाचं 'मेड इन इंडिया' गल्लोगल्ली वाजत होतं. सोंग होतं तोवर गर्दी होती. चेहरा दिसला तेव्हा गर्दी दुसऱ्या मांडवात गेली होती. 1997 साली मंडळी पांगली.

बीटल्स फुटले तेव्हा जगाने सुतक पाळलं, 1970 साल सरता सरता प्रकरण कोर्टात गेलं. यांचं फुटणं मला दोन वर्षांनी कळलं, तेही माझ्या सोबत्याकडून. तोवर त्याला बढती मिळाली होती. सांगताना आवाज असा, की घरातलंच कुणी गेलं असावं.

2010 साली ते पुन्हा एकत्र आले आणि 2012 साली 'इव्हॉल्व्ह' निघाला. त्याने मला सीडी पाठवली. ऐकून मी फोन केला.

"चांगलं आहे रे. घाई नाही कसली. तुझी गिटार कुठाय?"

"माळ्यावर, अण्णा. तारा गंजल्यात."

"नव्या टाक की!"

तो काही बोलला नाही. मागून कुणीतरी पानं वाढू का, असं विचारत होतं.