जागा, जाणीव आणि नफा : साठवणूक-सेवांच्या उत्तरदायित्वाची परिभाषा

बंगळूरच्या कोरमंगला भागातील एका सदनिकेत २००७ मध्ये फ्लिपकार्टचा आरंभ झाला, तो पुस्तकविक्रीने. फेब्रुवारी २०१२ मध्ये या कंपनीने ‘फ्लाईट’ या नावाने गाण्यांच्या संगणकीय प्रती विकावयास काढल्या आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ई-पुस्तकेही. घेतलेली प्रत ग्राहकाच्या खात्यावर, कंपनीच्या यंत्रावर राहत असे आणि विक्रीत हक्कधारकाचा वाटा असे. जून २०१३ मध्ये गाण्यांची विक्री थांबली. लहान रकमा सुलभपणे चुकत्या करण्याच्या सोयीचा अभाव आणि गाण्यांची चोरी या अडचणी सुटल्याशिवाय हा व्यवसाय वाढणार नाही, असे कारण कंपनीने दिले. डिसेंबर २०१५ मध्ये ई-पुस्तकांचा व्यवहारही आटोपला व ग्राहक ‘कोबो’ या परदेशी कंपनीकडे सोपविले गेले. हिशेब ठेवून प्रती देणारी जागा अशी बंद पडली. त्याच प्रती विनापरवाना साठवून कोणालाही उतरवून घेऊ देणाऱ्या जागांची मात्र कधी वाण पडली नाही. वापरकर्त्यांनी केलेल्या स्वामित्वहक्कभंगाबद्दल साठवणूक-सेवा पुरविणाऱ्याला उत्तरदायी धरावे काय, हा प्रश्न या दोन प्रकारच्या जागांमधील अंतरातून उद्भवतो.

याच कंपनीच्या इतिहासात आणखी एक सूचक घटना आहे. एप्रिल २०१३ मध्ये तिने दुकानाची पद्धत सोडून बाजाराची पद्धत स्वीकारली. यापुढे माल निरनिराळ्या विक्रेत्यांचा आणि मांडणी व पोच कंपनीची. दुकानातून बनावट पुस्तक विकले गेले तर दुकानदाराला जाब देणे भाग असते. बाजार भरविणारा मात्र आपण केवळ मध्यस्थ असल्याचे सांगू शकतो. ग्राहकाच्या दृष्टीने पडद्यावरचे पान तेच, पैसे भरण्याची रीतही तीच. उत्तरदायित्व तेवढे दुसरीकडे सरकते.

‘मध्यस्थ’ या शब्दाची येथे थोडी चिकित्सा केली पाहिजे. मराठीत मध्यस्थ म्हणजे सोयरीक जुळविणारा, भाऊबंदकीच्या वाटणीत बसणारा, जमिनीच्या व्यवहारात शब्द टाकणारा. बिनसले तर दोन्ही पक्ष त्याच्याच दारी येतात, आणि म्हणूनच त्याच्या शब्दाला किंमत असते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० यातील ज्या संज्ञेला मराठीत हा प्रतिशब्द रूढ झाला, तिचा आशय जवळजवळ उलट आहे. २००८ च्या दुरुस्तीने बदललेले आणि २७ ऑक्टोबर २००९ पासून अमलात आलेले या अधिनियमाचे कलम ७९ असे सांगते की, जो माहितीच्या प्रेषणाचा आरंभ करीत नाही, ती कोणाकडे जावी हे ठरवीत नाही आणि तिच्यात निवड वा फेरफार करीत नाही, तो योग्य ती दक्षता पाळून त्या माहितीच्या दायित्वातून मुक्त राहतो. म्हणजे आपल्याकडचा मध्यस्थ जबाबदारी घेतो म्हणून मध्यस्थ, आणि अधिनियमातील मध्यस्थ ती घेत नाही म्हणून मध्यस्थ. या शब्दामुळे मराठी वाचकाच्या मनात कायद्याविषयी एक चुकीची अपेक्षा तयार होते, पण ती अपेक्षा सर्वस्वी निराधार आहे असेही नाही.

स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ याची परिभाषा वेगळ्या जगातून आली आहे. त्याच्या ५१व्या कलमानुसार, जिथे हक्कभंग होईल अशा प्रकारे एखादी कृती लोकांपुढे सादर करण्यासाठी कोणतीही जागा नफ्याकरिता वापरू देणाराही दोषी ठरतो; मात्र त्याला ते ठाऊक नसेल आणि तसे मानण्यास वाजवी कारणही नसेल, तर तो सुटतो. ‘जागा’ म्हणताच मराठी वाचकाला नाट्यगृह आठवेल. नाटककाराची परवानगी न घेता एखाद्या मंडळीने प्रयोग लावला, तर नाट्यगृहाच्या चालकाचे काय, हा प्रश्न रंगभूमीच्या व्यवहारात सहज समजण्याजोगा आहे. जागा, जाणीव आणि नफा हे तिन्ही शब्द या एका वाक्यात एकत्र आलेले आहेत. पुढील न्यायनिर्णयांत पहिल्या दोहोंचा कीस निघाला. तिसरा मात्र बहुतांशी बाजूला राहिला.

‘सुपर कॅसेट्स विरुद्ध मायस्पेस’ हा या संदर्भातील महत्त्वाचा वाद. २९ जुलै २०११ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायपीठाने संकेतस्थळावरील अवकाशही ‘जागा’च होय असे मानले आणि आपल्या स्थळावर हक्कभंग होतो याची सर्वसाधारण कल्पना मायस्पेसला असणे पुरेसे ठरविले. २३ डिसेंबर २०१६ रोजी खंडपीठाने हा निष्कर्ष फिरविला. जागा आभासी असू शकते हे मान्य. परंतु जाणीव प्रत्यक्ष आणि विशिष्ट हवी. कोणती कृती नेमक्या कोणत्या ठिकाणी आहे हे हक्कधारकाने दाखवावे आणि मग ३६ तासांत ती काढली जावी. आपोआप चालणाऱ्या यांत्रिक प्रक्रियेने संचिकेचे स्वरूप बदलले किंवा तिच्यासोबत जाहिरात दिसली, एवढ्याने फेरफार होत नाही, असेही खंडपीठाने म्हटले. युक्तिवाद म्हणून हा निर्णय पहिल्यापेक्षा सरस आहे. लाखो लोक जिथे काही ना काही ठेवतात, तिथे ‘असे होत असते’ हे ज्ञान म्हणजे काहीच न जाणण्यासारखे आहे.

परंतु या निर्णयाच्या चौकटीत वादी कोण आहे, हे विसरता येत नाही. प्रचंड संग्रह बाळगणारी संगीत कंपनी दुवे शोधण्यासाठी माणसे नेमू शकते. मराठी प्रकाशकाची गोष्ट निराळी. हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती, ती संपायला लागणारी वर्षे, आणि दोन-तीन माणसांचे कार्यालय! २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ५२ (१) (ग) आणि २०१३ च्या नियमावलीतील ७५वा नियम त्याला लेखी तक्रारीची वाट देतात. ३६ तासांत प्रत अडविली जाते. पण २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही तर ती पुन्हा खुली करता येते. एका पुस्तकाच्या संपूर्ण आवृत्तीचे उत्पन्न एका दाव्याच्या खर्चाला पुरत नसेल, तर ही तरतूद कागदावरच राहते. शिवाय हे कलम ‘क्षणिक वा आनुषंगिक’ साठवणुकीविषयी बोलते. ज्याचा साठवणूक हाच मुख्य धंदा, त्याची साठवणूक आनुषंगिक कशी म्हणावी? ज्याच्यासाठी नियम सर्वाधिक हवा, नेमका तोच शब्दांच्या कडेला उभा आहे.

यावर सरसकट दायित्व लादणे हा उपाय मात्र रोगापेक्षा घातक ठरेल. बा. सी. मर्ढेकर १९५६ मध्ये निवर्तले; मृत्यूनंतरच्या साठ वर्षांचा हिशेब धरता त्यांच्या कविता १ जानेवारी २०१७ पासून सर्वांच्या झाल्या. इरावती कर्वे यांचे निधन १९७० चे. ‘युगान्त’वरील हक्क २०३० अखेरपर्यंत टिकेल. मर्ढेकरांच्या संग्रहाला पुढे कोणी प्रस्तावना जोडली असेल, तर तिचा हक्क पुन्हा स्वतंत्र. साठविणाऱ्या यंत्राला या साऱ्या केवळ पानांच्या प्रतिमा होत. त्यातच कलम ५२ संशोधन व खासगी अभ्यासासाठी केलेला उचित वापर मोकळा ठेवते आणि त्याचे स्पष्टीकरण त्या हेतूने केलेली इलेक्ट्रॉनिक साठवणूक हक्कभंग ठरत नाही असे सांगते. म्हणजे एकच संचिका संशोधकाच्या खात्यात वैध आणि शेजारच्या खात्यात अवैध असू शकते. दंडाच्या भीतीने कंपनी दोन्ही पुसून टाकील. मेगाअपलोडवर जानेवारी २०१२ मध्ये अमेरिकेत कारवाई झाली तेव्हा स्वतःच्याच संचिका तिथे ठेवणारेही त्यांना मुकले. बंगळूरच्याच भारतीय विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाचे उदाहरण तर मराठीच्या अभ्यासकाला अधिक जवळचे. शीर्षके रोमन लिपीत आणि बहुधा अशुद्ध, तरीही दुर्मीळ मराठी ग्रंथ तिथे हाती लागत. हक्कमुक्त व हक्काधीन यांची चाळणी नीट झाली नव्हती. आक्षेप आले, स्थळ बंद पडले, आणि त्यातील मोठा भाग आज परदेशी इंटरनेट अर्काइव्हवर वाचावा लागतो.

म्हणून १९५७ च्या वाक्यातील तिसऱ्या शब्दाकडे परतणे आवश्यक ठरते. नाट्यगृहाचा चालक ठरीव भाडे घेतो, तेव्हा आत कोणता प्रयोग आहे याच्याशी त्याचा संबंध पातळ असतो. तो तिकीटविक्रीत वाटा घेऊ लागला, की प्रयोग त्याचाही होतो. साठवणूक-सेवांतही हाच भेद करता येतो. ग्राहकाकडून त्याच्याच कप्प्याचे भाडे घेणारी सेवा एक. अनोळखी माणसे किती वेळा प्रत उतरवून घेतात यावर जगणारी दुसरी. ‘अपलोडेड’ ही सेवा हजार वेळा प्रत उतरविली गेली तर ती चढविणाऱ्याला ४० युरोपर्यंत मोबदला देत असे. २२ जून २०२१ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने तिच्याविषयीच्या व यूट्यूबविषयीच्या एकत्रित निकालात केवळ नफ्याचा हेतू निर्णायक मानला नाही. परंतु बेकायदेशीर प्रसाराला उत्तेजन मिळेल अशी अर्थरचना निवडणे हा विचारात घ्यावयाचा घटक मानला. आपल्या ५१व्या कलमात ‘नफ्याकरिता’ हा शब्द पूर्वीपासून असताना भारतीय चर्चा ‘जाणिवे’च्या व्याख्येतच गुंतून पडावी, हे आश्चर्याचे आहे. पहिल्या प्रकारच्या सेवेला कलम ७९ चे संरक्षण पुरेपूर असावे. दुसऱ्या प्रकारच्या सेवेवर वाजवी कारण नव्हते हे सिद्ध करण्याचा भार टाकणे अन्यायाचे होणार नाही.

यांपैकी कोणत्याच खणात नीट न बसणारे उदाहरण टेलिग्रामचे. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांच्या व व्याख्यानांच्या प्रती त्यावरील वाहिन्यांतून फिरत. एक वाहिनी बंद केली की दुसरी उघडे. ‘नीतू सिंग विरुद्ध टेलिग्राम’ या वादात आपले सर्व्हर सिंगापुरात आहेत आणि वापरकर्त्यांची गोपनीयता तेथील कायद्याने बांधलेली आहे, अशी कंपनीची भूमिका होती. ३० ऑगस्ट २०२२ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ती अमान्य करून वाहिन्या चालविणाऱ्यांचे दूरध्वनी क्रमांक, ई-पत्ते आदी तपशील सीलबंद स्वरूपात सादर करण्याचा आदेश दिला. नुकसानभरपाईचा प्रश्न न छेडता साठविणाऱ्याला निदान बोलते करणारा हा आदेश मराठी अर्थाच्या मध्यस्थाला जवळ करतो. त्या तपशिलांच्या आधारे पुढचा पाठपुरावा करण्याचे काम मात्र हक्कधारकाकडेच राहिले.