मुकुटाचे ओझे आणि मोलकरणीची मुलगी

शाळकरी वयातील प्रेम हा विषय वडीलधाऱ्यांनी हसण्यावारी न्यावा आणि मुलांनी चोरून वाचावा, अशी आपल्याकडे जुनी रीत आहे. परिणाम असा होतो, की या विषयावरील बऱ्यावाईट कलाकृतींची परीक्षा करण्याचे काम कोणीच करीत नाही. पूर्वी अशा कथा भाड्याच्या वाचनालयातून घरात येत. आता त्या हातातल्या मोबाइलवर येतात आणि त्यांची भाषा कोरियन असते. शिरूर कासारसारख्या तालुक्याच्या गावीसुद्धा दहावी-अकरावीतल्या मुलींच्या बोलण्यात कोरियन नटांची नावे सहजपणे येऊ लागली आहेत. ‘काय ते परदेशी खूळ!’ म्हणून हात झटकणे सोपे आहे. परंतु आपली मुले जे तासन् तास पाहतात, ते एकदा नीट पाहावे आणि मग त्याविषयी बोलावे, हे अधिक न्यायाचे ठरेल.

त्या दृष्टीने ‘द हेअर्स’, म्हणजे ‘वारसदार’, या मालिकेचा येथे विचार करावयाचा आहे. दक्षिण कोरियाच्या एसबीएस वाहिनीवर ९ ऑक्टोबर ते १२ डिसेंबर २०१३ या काळात तिचे वीस भाग प्रसारित झाले. लेखिका किम उन-सुक. प्रमुख भूमिकांत ली मिन-हो, पार्क शिन-हे आणि किम वू-बिन. मालिका दहा वर्षांहून अधिक जुनी असली, तरी शाळेतील प्रेमकथा म्हटले की तिचे नाव अजून पुढे येते. तिच्या मूळ कोरियन शीर्षकाचा आशय असा: मुकुट घालू पाहणाऱ्याने त्याचे ओझे सोसावे. शीर्षक भारदस्त आहे. मालिकेने ते कितपत पेलले, हाच आपल्यापुढील प्रश्न.

कथानक थोडक्यात असे. चा उन-सांग ही एका मोलकरणीची मुलगी. आई मुकी, एका बड्या उद्योगपतीच्या बंगल्यात राहून काम करते. अमेरिकेत असलेल्या थोरल्या बहिणीच्या लग्नासाठी आईने साठवलेले पैसे घेऊन उन-सांग कॅलिफोर्नियाला जाते. तेथे कळते, की बहिणीचे शिक्षण आणि लग्न हे दोन्ही खोटेच होते; ती एका उपाहारगृहात काम करते. पैसे घेऊन बहीण निघून जाते आणि परक्या देशात उन-सांगला आधार देतो किम तान नावाचा श्रीमंत कोरियन मुलगा. सावत्र भावाने त्याला वारसाहक्कापासून दूर ठेवण्यासाठी तेथे धाडलेले असते. दोघेही मायदेशी परततात, तेव्हा उलगडते, की आई ज्या घरात भांडी घासते ते घर किम तानचेच आहे. पुढे घराचा मालक उन-सांगला आपल्या मुलाच्याच शाळेत प्रवेश मिळवून देतो. ही शाळा धनिकांच्या मुलांची, आणि तेथे श्रीमंतीच्या पायऱ्यांवरून प्रत्येकाची जागा ठरलेली. तेथे टिकण्यासाठी उन-सांगला आपण नवश्रीमंत घरातल्या असल्याचे सोंग करावे लागते.

एवढ्या सामग्रीवर एखादा समर्थ लेखक केवढी मोठी कथा उभी करू शकला असता! पहिल्या काही भागांत तशी आशाही वाटते. मालकाचा मुलगा आणि मोलकरणीची मुलगी एकाच छपराखाली राहतात. पण त्याची खोली कोठे आणि तिची कोठे, एवढ्यावरूनच सारे सांगून होते. स्वयंपाकघर ओलांडून पलीकडे जाण्याच्या साध्या कृतीत भीती भरलेली असते. त्याहून सरस आहे ती उन-सांगची आई. किम मी-क्योंग या अभिनेत्रीने ती संवादाविना उभी केली आहे. ती वहीत लिहून बोलते. घरातली दुसरी स्त्री, म्हणजे किम तानची आई, अध्यक्षांच्या घरात राहते, परंतु पत्नी म्हणून कागदोपत्री तिला स्थान नाही. मुलगादेखील कागदावर दुसरीचा. एक बोलू शकत नाही, दुसरीला बोलण्याचा अधिकार नाही. या दोघींची कुरबुर आणि हळूहळू जुळत गेलेला जिव्हाळा हा मालिकेतील सर्वांत खरा भाग होय. दुर्दैवाने तो कडेला राहिला आहे.

कथा शाळेत शिरते आणि घसरण सुरू होते. पहिली तक्रार नायिकेविषयी आहे. आरंभीची उन-सांग कष्टाळू आहे. मिळेल ते काम करून घराला हातभार लावते, आईवर चिडते आणि चिडल्याबद्दल मनातून कष्टी होते. असे माणूस आपल्या ओळखीचे वाटते. मध्यावर आल्यावर मात्र तिच्या हाती एकही निर्णय उरत नाही. ती कोठे राहावी हे अध्यक्ष ठरवतात, तिने कोणाबरोबर जावे यावर दोन मुले भांडतात आणि तिच्या वाट्याला डोळे पुसण्याचे काम येते. एवढ्या मोठ्या शाळेत तिला काय शिकायचे आहे, कोण व्हायचे आहे, हा प्रश्न मालिकेने गांभीर्याने विचारलेलाच नाही. शाळेची पार्श्वभूमी घ्यावी आणि विद्येची भूक दाखवू नये, हे शेताचे चित्र काढून पीक विसरण्यासारखे झाले.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. येथे प्रेम व्यक्त करण्याची रीत म्हणजे मुलीचे मनगट धरून तिला ओढत नेणे. एकाने एक हात धरावा, दुसऱ्याने दुसरा, आणि मधल्या मुलीला कोणी काही विचारू नये! नायक तिच्या इच्छेविरुद्ध तिचे चुंबन घेतो आणि ते उत्कट प्रसंग म्हणून संगीताच्या साथीने आपल्यापुढे येते. चोई यंग-दो हा दुसरा मुलगा तर दुर्बलांना छळण्यातच पटाईत. पुढे तोही उन-सांगच्या प्रेमात पडतो, त्याच्या घरातील दुःख आपल्याला दाखवले जाते आणि प्रेक्षकाने त्याच्याबद्दल हळहळावे अशी योजना केली जाते. किम वू-बिनच्या अभिनयाने ती सफलही होते. गुंडाचेही मन असते, हे मान्य. परंतु ज्याला त्याने छळले त्याचेही मन असतेच. गरीब गटातून प्रवेश मिळालेला एक विद्यार्थी छळाला कंटाळून शाळा सोडून जातो. त्याच्या वाट्याला मालिकेने मोजकीच मिनिटे दिली आहेत. छळणाऱ्याच्या एकटेपणावर मात्र भागच्या भाग खर्ची पडले आहेत. लेखिकेचा जीव कोणाकडे ओढ घेतो, हे या हिशेबावरून कळते.

तिसरी तक्रार शीर्षकाचीच. मुकुटाचे ओझे कोणी सोसले? आपण उपपत्नीचा मुलगा आहोत हे किम तान सर्वांसमक्ष कबूल करतो, हा एक धीट प्रसंग सोडला, तर ओझे येऊन पडते ते उन-सांगच्या आणि तिच्या आईच्या डोक्यावर. अध्यक्षांच्या दबावाखाली घर, शाळा, शहर या दोघींना सोडावे लागते. उत्तरार्धात कथा कंपनीचे भाग, मतदान आणि भावाभावांचे वैर यांत गुरफटते. शेवटी वारसदारांचे प्रश्न सुटले, म्हणजे मोलकरणीचेही सुटले असे आपण समजून घ्यावयाचे! दहा वर्षांनंतरच्या सुखाचे एक स्वप्नदृश्य दाखवून पडदा पडतो. ज्या उतरंडीने आरंभी सर्वांना घुसमटवले, ती जागच्या जागी शाबूत राहते; त्यातून एकाच मुलीला हात धरून वर खेचले जाते, एवढेच.

ही करमणूक आहे, तिच्याकडून इतकी अपेक्षा कशाला, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर आपल्याच तालुक्यात आहे. दसरा-दिवाळीनंतर शिरूर कासार परिसरातील गावे ओस पडू लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात आणि गाळप संपेपर्यंत परतत नाहीत. मुलगी मोठी असेल, तर प्रश्न पडतो: तिला फडावर न्यायचे, आजीजवळ ठेवायचे, की तिचे लग्न उरकायचे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत बीड जिल्ह्यातील वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ४४ टक्के स्त्रियांची लग्ने अठरा वर्षांच्या आत झालेली आढळली. राज्याचे प्रमाण सुमारे २२ टक्के होते. त्यामागे गरिबी आहे, सुरक्षिततेची काळजी आहे आणि ‘नाव निघेल’ ही धास्तीही आहे. जिच्याविषयी एखाद्या मुलाचे नाव घेतले गेले, तिची शाळा किती दिवस टिकते, हे येथे सांगावे लागत नाही.

अशा मुलीच्या हातात ही मालिका येते, तेव्हा ती काय शिकवते? गरिबाच्या मुलीला शाळेचे दार श्रीमंताच्या मर्जीने उघडते. मनगट धरणारा तो आपला. आणि सहन करीत राहिले की एक दिवस सारे ठीक होते. स्वप्न पाहण्याचा हक्क या मुलींना आहेच, किंबहुना तो त्यांना इतरांपेक्षा अधिक आहे. माझे भांडण आहे ते स्वप्नाच्या आखूडपणाशी. मोलकरणीच्या मुलीला नायिका करून तिच्यासाठी एवढेच मागावे?

शाळकरी प्रेमाला न्याय देता येतो, याचे पुरावे आपल्या मराठीतच आहेत. मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’ या २००४ च्या कादंबरीत आणि सुजय डहाके यांनी तिच्यावरून काढलेल्या चित्रपटात आणीबाणीच्या काळातील नववीचा वर्ग आहे. मुकुंद जोशीचे शिरोडकरवरचे प्रेम बहुतांशी पाहण्यात आणि वाट बघण्यातच सरते. मनगट कोणी धरीत नाही. तरीही, किंबहुना म्हणूनच, ते मनात घर करते. नागराज मंजुळे यांच्या २०१३ च्या ‘फँड्री’मध्ये जब्या शालूशी धडपणे बोलतही नाही. काळी चिमणी पकडून तिच्या राखेने शालूला वश करण्याची त्याची भाबडी धडपड चाललेली असते आणि शेवटी साऱ्या गावासमोर, शालूच्याही समोर, त्याला घरच्यांबरोबर डुकरामागे धावावे लागते. प्रेमाच्या आड आलेली भिंत तेथे पाडल्याचे नाटक होत नाही; ती किती जाड आहे हे दाखवले जाते. अखेरीस जब्याने भिरकावलेला दगड प्रेक्षकाच्या दिशेने येतो. ‘वारसदार’मध्ये तसा दगड कोणाच्याच हाती दिलेला नाही.

लेखिका असमर्थ होती म्हणून हे घडले, असेही म्हणता येत नाही. याच किम उन-सुक यांनी पुढे ‘द ग्लोरी’ ही मालिका लिहिली. तिचे दोन भाग डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ मध्ये आले. तेथेही शाळा आहे, श्रीमंतांची मुले आहेत आणि छळ आहे. परंतु या खेपेस कथा छळल्या गेलेल्या मुलीची आहे. तिच्या अंगावरचे व्रण कॅमेरा चुकवीत नाही, आणि छळणाऱ्यांच्या दुःखाने तिचे दुःख झाकले जात नाही. सूडाची ती कथा मुलांनी पाहण्याजोगी नाही आणि तिच्या नीतीविषयी वाद घालता येईल. तथापि, ‘वारसदार’मध्ये जो मुलगा मुकाट्याने शाळा सोडून गेला, त्याची बाजू तेथे जणू ऐकून घेतली गेली आहे. नऊ वर्षांपूर्वी ती ऐकली असती, तर त्या मालिकेची उंची वाढली असती.

म्हणून पालकांना एवढेच सुचवावेसे वाटते, की मोबाइल हिसकावून घेण्यापूर्वी त्यातला एखादा भाग मुलीशेजारी बसून पाहावा. मुकी आई वहीत काय लिहिते, याकडे तिचे लक्ष वेधावे. मनगट धरून ओढण्याचा प्रसंग आला, की तिला विचारावे: ‘बाळ, हिला कोणी विचारले का गं?’ बहुधा उत्तर तिच्याजवळ तयारच असेल.